राजवाड्याला जाणारा डबा

पूर्णा जंक्शनच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या माणसाला गाडीत कसं बसायचं ते शिकवावं लागत नाही, असा माझा समज होता.

जर्मनीत शिकायला येऊन महिना झाला होता. एका रविवारी मी एकटीच राजवाडा बघायला निघाले. व्हिडिओ कॉलवर सगळा महाल दाखवीन, असा आईला शब्द दिला होता. आईनं तो अख्ख्या गल्लीला दिला! (तिकडे दुपार, चहा उकळलेला, सतरंजीवर सात-आठ बायका.)

गाडी सुटली आणि वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, फोन आला. अप्पांची सगळी नोकरी रेल्वेचे डबे जोडण्या-तोडण्यात गेलेली.

"कोणत्या डब्यात बसलीस?"

"मागच्या. रिकामा होता."

"रिकामा? विचार बरं कुणाला. मधी गाडी तुटती का काय?"

"अप्पा, ही जर्मनी आहे! इथं गाड्या तुटत नसतात!"

तेवढ्यात लांबलचक घोषणा झाली. मला त्यातलं 'धन्यवाद' तेवढं कळलं. पुढच्या स्टेशनवर हलका धक्का बसला. खिडकीतून पाहते तर काय, आमच्याच गाडीचा पुढचा अर्धा भाग राजवाड्याकडे निघालेला! उरलेला अर्धा मला घेऊन दुसऱ्याच रुळानं शेतात शिरला.

शेवटचं स्टेशन म्हणजे एक बाकडं. परतीची गाडी दोन तासांनी. समोर गोठा. आणि फोन वाजला.

"दाखव गं महाल!" सगळ्या एकदम ओरडल्या.

मी गोठ्याकडे पाठ करून आभाळ दाखवलं. तेवढ्यात एक गाय हंबरली आणि माझ्या खांद्यावरून थेट फोनमध्ये डोकावली.

"अगं बाई, हा तर गोठा दिसायलाय!" शेजारच्या सुमनकाकू म्हणाल्या.

खरं सांगावं लागलं. अप्पा तर खूशच!

"तुटली ना? जोड हातानं सोडला का आपोआप?"

"मी बघितलं नाही."

"मग बघितलंस काय पोरी!"

एवढ्यात गमबूट घातलेल्या एक आजीबाई बाहेर आल्या. मी मोडक्या जर्मनमध्ये 'भारत, आई, फोन' एवढं जुळवलं. त्यांनी फोन घेतला आणि सरळ गोठ्यात शिरल्या.

"दूध किती देती हो?" काकूंनी मराठीत विचारलं. आजीबाईंनी बादली दाखवली.

"लय हाय की! अन् वैरण काय घालता?" आजीबाईंनी मूठभर मक्याचा चारा कॅमेऱ्यासमोर धरला. मग कोपऱ्यातल्या एका गाईच्या पोटावरून हात फिरवला.

"ही चार-पाच दिवसांत विणार बघा!" काकूंनी पूर्णेत बसून निदान केलं. आजीबाईंनी मान डोलावली!

शिकायला परदेशात आलेली मी दाराबाहेर उभी. मला कुणी विचारेना.

पुढच्या रविवारी नीट चौकशी करून पुढच्या डब्यात बसले आणि खरा राजवाडा दाखवला. झुंबरं, आरसे, सोनेरी छत! बायकांनी दोन मिनिटं बघून घेतलं.

"छान हाय गं," काकू म्हणाल्या. "पण त्या गाईला काय झालं? गोऱ्हा का कालवड?"

तिकिटाचे पैसे पुरते वसूल व्हायच्या आत मी राजवाड्यातून बाहेर पडले आणि स्टेशनवर जाऊन मोडक्या जर्मनमध्ये विचारू लागले, "राजवाड्याला न जाणारा डबा कोणता?"