राखणदाराची मच्छरदाणी

सासूबाईंचं माझ्याशी किती पटायचं ते सोडा, राखणदाराशी मात्र उत्तम पटायचं. रोह्याजवळच्या आमच्या आंब्याच्या बागेत थोरल्या कलमाखाली बाग राखणाऱ्या या देवाचा दगड होता. खाली पडलेला आंबा त्याचा, तो घरात आणायचा नाही, हा घरचा नियम. सासूबाई तो उचलून दगडापाशी ठेवायच्या आणि तो तिथंच कुजायचा.

दरवर्षी शेजारच्या खालाच्या मुलासाठी आमची एक पेटी दुबईला जायची. आदल्या मोसमात त्याने पाहुण्यांसमोर आंबा कापला आणि आत अळ्या वळवळल्या. खालाने नव्हे, दुसऱ्याच कुणीतरी ते आमच्या कानावर घातलं. पुढच्या मोसमाच्या तोंडावर तिने नुसतं विचारलं, "वयनी, औंदा आंबं बरं हायत ना?" त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. इतक्या वर्षांची पेटी आता बंद पडणार, ही त्यांची धास्ती. मलाही फार वाईट वाटलं.

नवऱ्याने औषध फवारणीचा पंप बाहेर काढला. "माझ्या कोंबड्या झाडाखाली चरतात," म्हणून सासूबाईंनी तो परत आत ठेवायला लावला. मग धाटावच्या त्याच्या कंपनीतल्या सोबत्याचं ऐकून त्याने फळमाशीचे सापळे आणले. प्लास्टिकचे डबे, आत वास लावलेली लाकडाची चकती. त्या वासाला नर माश्या भुलतात आणि डब्यात अडकून मरतात. सापळे टांगून, हात शर्टालाच पुसून स्वारी शिफ्टला निघाली, तर माश्या शर्टावर बसून सोबत! सासूबाई कितीतरी दिवसांनी हसल्या. "माश्यांतपण बाप्येच वासावर भुलतात व्हय?"

डबे भरू लागले, तरी आंब्यात अळी होतीच. शेवटी मी चिडले आणि दगडापाशी जाऊन एक कुजका आंबा काठीने फोडला. आत अळ्यांची जत्रा! तिथून त्या मातीत उतरत होत्या आणि माश्या होऊन वर येत होत्या. आम्ही वर सापळे लावत होतो आणि खाली त्यांची बाळंतपणं करत होतो.

सासूबाईंना बोलावून दाखवलं. "आई, राखणदार हे खात असेल का हो?"

त्यांनी वाकून पाहिलं, पदर नाकाला लावला. मग दगडाकडे वळून म्हणाल्या, "रागवू नुको रे बाबा. आजपासून तुला झाडावरचा, निवडून. पडलेला नाय."

पडलेले आंबे रोज खोल खड्ड्यात पुरायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. माशी बसू नये म्हणून राखणदाराच्या आंब्यावर मच्छरदाणीचा तुकडा चढला. आमच्या खाटेला नव्हती, त्याला मिळाली.

मोसमाच्या शेवटी उशिराच्या कलमांचा आंबा उतरवला, पेटी भरली. खाला आली. सासूबाईंनी पेटीतलाच एक आंबा काढून तिला दिला, वर सुरी दिली. "तूच काप गो."

खालाने कापला. आतून स्वच्छ. अजून आंबट होता, तरी तिने डोळे मिटून, तोंड वाकडं करत अख्खा संपवला.

पेटीत एक जागा रिकामी राहिली. सासूबाई तरातरा बागेत गेल्या, मच्छरदाणी उचलली आणि राखणदाराचा आंबा आणून त्या जागी ठेवला.

"वयनी, तो देवाचा ना गो?" खाला दचकलीच.

"व्हय. पण देव हितंच हाय, उद्या खाईल. पोर लांब हाय."