वालधुनीची बाटली

माझी मुलगी आठवीत होती तेव्हा तिच्या शाळेने विज्ञान प्रदर्शन भरवलं. विषय होता ‘जगासमोरील पर्यावरणाच्या समस्या’. कुणी वितळणारे हिमनग घेतले, कुणी ओझोनचा थर, कुणी दूरदेशीची जळणारी जंगलं. माझी लेक घरी आली ती फुरंगटूनच. तिच्या वाट्याला जलप्रदूषण आलं होतं आणि स्टेशनरीच्या दुकानात नेमका त्याचाच छापील चार्ट संपला होता.

“चार्ट कशाला हवा?” मी म्हटलं. “नदी आहे की मागे.”

“नदी? तो नाला आहे गं, आई.”

आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहतो. बिल्डिंगच्या मागच्या भिंतीपलीकडून वालधुनी वाहते. सगळेच तिला नाला म्हणतात, मीही म्हणायचे. पण लेकीच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि मला कसंसंच झालं. कारण मी एका केमिकल कंपनीत केमिस्ट होते. बाहेर सोडायचं सांडपाणी तपासणं हे माझ्याच कामात यायचं. रोज नमुन्याची बाटली माझ्या टेबलावर यायची, मी आकडे लिहायचे, सही करायचे. ती बाटली कुणी, कुठून भरून आणली, हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. बाटलीतलं पाणी नेहमी नितळ असायचं. आणि संध्याकाळी घरी आले की मी मागच्या खिडक्या घट्ट लावून पोळ्या लाटायचे.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी पुलावर गेलो. दोरीला बांधून बादली खाली सोडली. बाटली आधी त्याच पाण्याने तीनदा विसळायची, मग काठोकाठ भरायची, लगेच बूच लावायचं, हे मी तिला शिकवलं. पाण्याचा रंग त्या दिवशी कोकम सरबतासारखा होता. लेबलवर जागा, तारीख, वेळ, रंग, सगळं लिहून झाल्यावर तिने विचारलं, “वास काय लिहू?”

“जो येतो तो.”

तिने नाक मुरडत लिहिलं, ‘सडकी अंडी आणि नेलपॉलिश काढायचं पाणी’. मी ते खोडू दिलं नाही.

नवऱ्याने संध्याकाळी बाटली पाहिली आणि हळूच म्हणाला, “तुझी नोकरी लक्षात ठेव म्हणजे झालं.” ती लक्षात होतीच. रात्री मी दोनदा उठून बाटलीचं बूच तपासलं.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉलभर थर्माकोलचे हिमनग आणि कापसाचे धूर मांडलेले होते. लेकीच्या टेबलावर फक्त एक बाटली, एक काचेची वाटी आणि निळा लिटमस कागद. वर्गशिक्षिका लगबगीने आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “अहो, आजचे पाहुणे इथल्याच एका फॅक्टरीचे मालक आहेत. शाळेला कॉम्प्युटर त्यांनीच दिलेत. ती बाटली तेवढी टेबलाखाली ठेवाल का? चार्ट मी देते, माझ्याकडे गेल्या वर्षीचा आहे.”

“विषय तुम्हीच दिलात ना, बाई?”

“हो, पण तो जगाचा होता.”

लेक माझ्याकडे बघत होती. मला तेव्हा आमचे मॅनेजर आठवले, घराचं भाडं आठवलं. पण त्याहून जास्त आठवला तो मी इतकी वर्षं न विचारलेला प्रश्न. मी म्हणाले, “बाटली वरच राहील. हवं तर हिला मार्क देऊ नका.”

पाहुणे आले. हसतमुख माणूस, प्रत्येक मुलाच्या पाठीवर हात ठेवत पुढे सरकत होते. आमच्या टेबलापाशी थांबून त्यांनी विचारलं, “हे काय बनवलंस, बेटा?”

“मी नाही बनवलं, सर,” लेक म्हणाली. “हे आमच्या घरामागे तयारच मिळतं.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. तिने बूच काढलं, थोडं पाणी वाटीत ओतलं आणि निळा कागद बुडवला. बघता बघता तो लाल झाला. वास पसरला तशी आजूबाजूची मुलं नाकावर रुमाल धरून पुढेच आली, मागे कुणी गेलं नाही.

पाहुण्यांचं हसू जरा ओसरलं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, अशा टेस्ट तज्ज्ञांवर सोडाव्यात. मुलांच्या डोक्यात काहीतरी भरू नये.”

“तज्ज्ञच आहे मी, सर. लॅबच्या कामावरच पोट भरते.”

“कुठल्या कंपनीत?”

मी नाव सांगितलं.  त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या हिमनगाकडे गेले.

लेकीला बक्षीस मिळालं नाही. पण दुपारभर तिच्या टेबलाभोवतीची गर्दी हटली नाही. तिच्या वर्गातल्या एका मुलीची आजी, उल्हासनगरची सिंधी बाई, बाटली हातात घेऊन म्हणाली, “हमारे उधर तो नीला आता है, बेटी. जीन्स धोते हैं ना. कल लाके दूँ?” आणि खरंच दुसऱ्या दिवशी तिने निळ्या पाण्याची बाटली लेबल लावून शाळेत पाठवली.

सोमवारी मॅनेजरनी मला बोलावलं. “ते पाणी आपलं होतं, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“माहीत नाही, सर. आपल्या पाइपाच्या तोंडापाशी मला स्वतः नमुना भरू द्या, मग खात्रीने सांगते. आणि यापुढे मी भरलेल्या नमुन्यावरच मी सही करीन.”

“बघतो,” म्हणत त्यांनी पुढची फाइल उघडली. त्या आठवड्यात माझी बदली स्टोअरमध्ये झाली. आता मी ड्रम आणि हातमोजे मोजते. सुरुवातीला मी घरी येऊन रडले, दोन-तीनदा. मग रडू संपलं. त्या कागदांवर आता माझी सही नसते, आणि खरं सांगते, हात हलका झालाय.

वालधुनी अजून तशीच आहे. फरक इतकाच की आता दर रविवारी आम्ही आठ-नऊ बायका पुलावर जमतो. मी नमुना कसा भरायचा ते शिकवते, सिंधी आजी रिक्षा करून येते, कुणी मोबाइलवर पाण्याचा फोटो काढते, नोंदी आम्ही सगळ्या सह्यांनिशी प्रदूषणाच्या ऑफिसात देतो आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलत नाही. मागच्या रविवारी मोटारसायकलवरून एक सिक्युरिटीवाला आला आणि ओरडला, “इथे फोटो काढायला मनाई आहे. चला, निघा!”

आजीने कमरेवर हात ठेवला. “नदी तेरे सेठ की है क्या?”

 तो फोनवर कुणाशी तरी बोलत उभा राहिला, आणि आम्ही बादली पुन्हा खाली सोडली.