पाठकोऱ्या कागदावरचा कीस

आज चौथ्या तुकडीला चुंबकाचा तोच प्रयोग दाखवायचा होता आणि प्रयोगशाळेतले कोरे कागद संपले. महिनाभर पर्समध्ये पडून असलेला स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मी काढला आणि चुंबकावर पालथा घातला. शिपाईमामांनी त्याच्या कोऱ्या बाजूवर लोखंडाचा कीस भुरभुरला. काहीच घडलं नाही. कीस पडला तसा पडून राहिला, माझ्यासारखाच.

“बाई, हलकी टिचकी मारा,” मामा म्हणाले. “खाली ओढ आहे, पण कीस जागचा हलायला नको का?”

मी टिचकी मारली. कण दचकले आणि वळणदार रेषांत उभे राहिले.

विश्व कोवळं होतं तेव्हाही अशीच, फार क्षीण चुंबकीय क्षेत्रं पसरलेली असावीत म्हणतात. वायूच्या खळबळीने ती बळावली. मग दीर्घिका घडताना त्यांनी वायूला कुठे गोळा व्हायला हात दिला असेल, कुठे अडवून धरलं असेल. नक्की कुणालाच ठाऊक नाही. एवढंसं बळ, आणि त्याच्या वाट्याला केवढं काम.

वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी टेबलावर वाकून म्हणाली, “बाई, परत एकदा.”

मी कीस विस्कटला आणि परत टिचकी मारली.

तास संपल्यावर मामांनी अर्ज झटकून दिला. तो किसाने काळा पडला होता. असा कागद मुख्याध्यापकांपुढे ठेवता येत नाही, नव्याने लिहावा लागतो. आज तेवढंही त्राण नव्हतं.