बँक बघायला

नाशिकमधल्या बहुतेक सगळ्या बँकांचं पाणी प्यायलेला माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे, आणि तो कॉलेजची तीन वर्षं माझ्याच खोलीत राहत होता. पाणी प्यायलेला हे शब्दशः घ्यावं. गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत तो ज्या ज्या शाखेत शिरला, तिथे त्याने आधी पाणी मागितलं आणि मग खात्याची चौकशी केली. पुढे मी वर्तमानपत्रात लागलो. चौकशा करण्यात मुरलेली पुष्कळ माणसं बघितली, पोलीस बघितले, वकील बघितले, माझे दोन संपादक बघितले. पण विद्यार्थ्याने दुसरं खातं कोणत्या बँकेत काढावं, या एका प्रश्नाच्या मागे माझा हा रूम पार्टनर ज्या निष्ठेने लागला, ती निष्ठा मला पुन्हा कुठे दिसली नाही.

पहिलं खातं त्याला होतं आणि तीच अडचण होती. तो वणीचा. देवीच्या गडावर जाणाऱ्या भाविकांसाठी नारळ, पेढे आणि ओटीचं सामान विकायचं दुकान त्याचे वडील चालवत. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णांनी मुलाचं खातं तो शाळेत असताना काढलं आणि त्याला मोबाईल नंबर जोडला तो स्वतःचा. त्यामुळे आम्ही सगळे टपरीवर फोन पुढे करून चहाचे पैसे देत असताना हा एकटा खिशात नाणी चाचपडत असे. कार्ड वापरायचं म्हटलं तर मेसेज थेट वणीला. अण्णा तसे अबोल. गिऱ्हाइकाशीसुद्धा जरुरीपुरतंच बोलायचे, आणि मुलाला आपण होऊन फोन करून काय विचारायचं, हे त्यांना सुचत नसावं. मेसेज आला की मात्र विषय मिळायचा. आमच्या खोलीखालच्या बेकरीत कार्ड चाले. तिथून आम्ही वर येईपर्यंत फोन वाजलेला असे.

"काय रं, बेकरीत काय घेतलं?"

"खारी."

"खारी का? ताप हाय का?"

"नाही अण्णा. मित्रांसाठी घेतली."

"मित्रांना ताप हाय का?"

स्वतः तो खारी खात नसे. चहात बुडवताच साथ सोडणारी वस्तू, असं तिच्याबद्दल त्याचं मत होतं. परीक्षेची फी ऑनलाइन भरायची वेळ आली की प्रसंग आणखी गंभीर होई, कारण ओटीपीसुद्धा वणीलाच जाई. "अण्णा, मेसेज आला असेल, त्यातला आकडा सांगा," हा म्हणे. पलीकडे अण्णा मेसेज पूर्ण वाचून काढत आणि म्हणत, "यात लिवलंय, हा आकडा कुणालाही सांगू नका." "पण मी विचारतोय ना." "तू कुणालाहीत येतो का नाय?" या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत ओटीपीची मुदत संपे, नवा आकडा येई, आणि अण्णांचा संशय पक्का होई की पहिला आकडा खोटा होता.

म्हणून दुसरं खातं. स्वतःच्या नावाचं, स्वतःच्या नंबराचं, वणीला काहीही न कळवणारं. जुन्या खात्यावरचा नंबर बदलायला एक अर्ज पुरेल, असं मी एकदा सुचवलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. "म्हणजे अण्णांना सांगू, तुमचा नंबर काढून टाकतो?" त्यानंतर तो विषय आमच्या खोलीत निघाला नाही. अण्णांच्या नजरेतून सुटायचं होतं आणि अण्णांच्या मनाला ते लागायला नको होतं. इतकी अवघड कामगिरी पार पाडणारी बँक सहज सापडणार नव्हती, हे त्यालाही मान्य होतं.

बँकेत जायचं असं तो म्हणत नसे. बँक बघायला जायचं, असं म्हणे, आणि ते स्थळ बघायला गेल्यासारखंच असे. त्या दिवशी तो दाढी करी, इस्त्रीचा शर्ट घाली आणि सोबत वडीलधारं कोणीतरी हवं म्हणून मला घेई; मी त्याच्याहून काही महिन्यांनी मोठा होतो. आधार, पॅन, फोटो सगळं पिशवीत असे, पण पिशवी उघडत नसे. "पहिल्याच भेटीत कागद देत नाहीत," तो मला दटावून सांगे. आत गेल्यावर पाणी. मग बाकावर बसून तो तासभर नुसतं बघे. पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांना खुर्ची मिळते का, पासबुकाचं मशीन चालू आहे की त्यावर कागद चिकटवलाय, चूक झालेली स्लिप परत करताना काउंटरवरचा माणूस ती देतो की फेकतो. एका शाखेत पाण्याच्या टाकीजवळचा स्टीलचा ग्लास साखळीने बांधलेला होता. तो तसाच, पाणी अर्धवट टाकून उठला. बाहेर येऊन म्हणाला, "ज्यांना ग्लासाचा भरवसा नाही, त्यांना माझा काय वाटणार?" एका खाजगी बँकेत गारेगार एसी होता, पाण्याची बाटली सीलबंद होती आणि कोट घातलेल्या मुलीने त्याला तीनदा सर म्हटलं. तेवढ्याने तो घाबरला. "आपल्याला कॉलेजचा शिपाई अरे म्हणतो," तो जिन्यावर म्हणाला. "हिला काहीतरी विकायचंय." खरोखरच तिला विमा विकायचा होता. मॅनेजर स्वतः उठून बोलायला आले, तर हा हात जोडून म्हणे, "घरी विचारून कळवतो." खातं घरच्यांपासून लपवायचं होतं, हे त्या वेळी त्याच्या लक्षात राहत नसे.

एक सहकारी बँक जमता जमता राहिली. माठातलं वाळ्याचं पाणी, माणसं आपुलकीची. मॅनेजरांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि टेबलावर थाप मारून म्हणाले, "अरे, म्हणजे तू अण्णांचा धाकटा! आमच्या घरची ओटी दर नवरात्रात तुमच्याच दुकानातली." त्याने चहा घेतला, नमस्कार केला आणि बाहेर पडला. "इथे मेसेजची गरजच नाही," तो म्हणाला. "मॅनेजर स्वतः फोन करतील."

शेवटी खातं जमलं ते एका शब्दाच्या घोळातून. त्याचं पहिलं खातं बचत खातं होतं. आपण बचत काडीची करत नाही, तेव्हा दुसऱ्यांदा तरी प्रामाणिकपणे चालू खातं काढावं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं, आणि एका जुन्या सरकारी बँकेच्या काउंटरवर त्याने तसं सांगितलं. काउंटरवर पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "व्यवसाय?"

"विद्यार्थी."

"तो व्यवसाय होत नाही."

"तोट्यात आहे म्हणून?"

बाईंनी मान वर केली. मग चष्मा काढला आणि एवढ्या हसल्या की शेजारच्या काउंटरवरचं काम थांबलं. "अरे बाळा," त्या म्हणाल्या, "चालू खातं व्यापाऱ्यांचं. तुझ्या तोंडावर कुठे दिसतंय तू चालू आहेस ते? साधं बचत काढ, शिल्लक ठेवायची अट नसलेलं. बस तिथे. उन्हातून आलास, पाणी घेतोस का?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला कोणीतरी आपण होऊन पाणी विचारलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्याच भेटीत पिशवी उघडली. मोबाईल नंबरच्या चौकटीत स्वतःचा नंबर लिहिताना एकेक आकडा तो जपून काढत होता.

अण्णा महिन्याचे पैसे जुन्याच खात्यात टाकत. पुढच्या वेळी पैसे आले तसे त्याने थोडे मागे ठेवून बाकीचे नव्या खात्यात वळवले. फोन आला. आवाज घाबरा होता. "समदे गेले रं!"

"गेले नाहीत अण्णा. मी दुसरं खातं काढलं. तिकडे घेतले."

"असं व्हय. त्याचा मेसेज कुणाला येतो?"

"मला."

"बरं झालं," अण्णा म्हणाले. "मोठा झालास." आणि फोन ठेवला.

त्यानंतर टपरीवर तो आमच्याआधी फोन पुढे करू लागला. फी एका झटक्यात भरली जाऊ लागली. त्याला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि वणीचा फोन बंद झाला होता. अण्णा रागावले नव्हते. त्यांच्याकडे विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं, एवढंच. यानेच एकदोनदा फोन केला. "बरं हाय का?" "बरं आहे. तुमचं?" "बरं हाय." यापुढे दोघांनाही रस्ता सापडेना. तो फोन हातात धरून खिडकीशी बसे. एका संध्याकाळी उठला, पिशवीतून जुनं कार्ड शोधलं आणि खाली गेला. जिना चढून वर येत होता तेव्हाच त्याचा फोन वाजला.

"काय रं, बेकरीत काय घेतलं?"

"खारी."

"खारी का?"

"सहज."

"मला वाटलं, जुनं खातं मोडलंस." मग अण्णांनी ताप विचारला, परीक्षा विचारली, मी काय करतो तेही विचारलं. दारात उभा राहून तो सगळ्याची उत्तरं देत होता. पुडा माझ्या हातात आला. कॉलेज संपेपर्यंत ती खारी मीच खाल्ली.

मध्यंतरी तो सीबीएसच्या एसटी स्टँडवर भेटला. आता मोठ्या कंपनीत आहे, खाती पुष्कळ आहेत, बँका त्याला बघायला येतात. बोलता बोलता त्याने समोरच्या बेकरीत एक जुनाट कार्ड दिलं, पुडा माझ्या हातात ठेवला आणि फोनकडे बघत उभा राहिला. अण्णा कसे आहेत, मी विचारलं.

"बरे आहेत. दुकान आता मोठा भाऊ बघतो. नजर कमी झालीय, मेसेज वाचायला वेळ लागतो," तो म्हणाला. "थांब जरा."

माझी सिन्नरची गाडी फलाटाला लागली होती. मी ती जाऊ दिली. पुडा उघडला. आम्ही दोघंही फोन वाजायची वाट बघत उभे राहिलो.