हैदराबाद एवढ्यात येतं?

गेल्या रविवारी हैदराबादच्या विमानतळावर विमान थांबलं, माणसं उतरायला लागली... आणि आमची आई काही जागची हलेना.

पट्टा तसाच कमरेला. मांडीवर ताईसाठी आमच्या गावाहून, दुसरबीडहून आणलेली बाजरीच्या खारोड्यांची पिशवी. म्हटलं, "आई, चल, आलं हैदराबाद." तर मलाच दटावते, "बस खाली! लोकं उतरून राह्यले म्हनून आपनही उतराचं काय? मधलं टेसन असंल."

मला हसू आवरेना. पण तिच्या डोक्यातलं हैदराबादच वेगळं होतं... ताईच्या लग्नानंतर ती तिकडे एकदाच गेली, जालन्याहून रेल्वेनं. रात्रभर बसून, उलट्यांनी बेजार होऊन. तेव्हापासून आमच्या घरात हैदराबाद म्हणजे जगाचं दुसरं टोक.

आता ताईला दिवस गेलेत. बाळंतपणाला लेकीनं माहेरी यायचं असतं, पण डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरायचीही बंदी केलीय. म्हणून मग आईच निघाली, तीही देवाला नारळ बोलून.

खरं सांगतो, मलाही धक्काच बसला होता. आम्हाला गाडीनं संभाजीनगर गाठायला जेवढा वेळ लागला, त्याहून कमी वेळ विमान हवेत होतं. सव्वा तास! तिकिटावर वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि खरंच उतरायची वेळ येणं वेगळं.

एअर होस्टेस समजावून थकली. शेवटी मीच दाजींना फोन लावून आईच्या कानाला दिला. ते बाहेरच उभे होते... "या आई, मी गेटवरच हाये."

फोन बंद झाला तरी आई तो कानाला धरून तशीच बसलेली. चेहरा पांढराफटक. मला वाटलं चक्कर आली, पाणी पुढं केलं.

तर हळूच विचारते, "बापू... तवाही इमान होतं काय रे?"

माझं हसू जागीच विरलं. तवा म्हणजे कधी, ते मला बरोबर कळलं.

दोन वर्षांपूर्वी ताईचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. ती तिकडे दवाखान्यात, आई इकडे रडून हैराण. तिला जायचं होतं. पण थोरल्या काकांपासून सगळ्यांनी ठरवलं, एवढ्या लांब पोचेपर्यंत पोरीला घरीही सोडतील, जाऊन उपयोग काय... आणि सगळं सांत्वन फोनवर उरकलं.

मी "होतं" म्हणालो. खोटं बोलायला हवं होतं का, अजून कळत नाही.

टॅक्सीनं आम्ही ताईचं घर गाठलं. आईनं चप्पल काढली आणि थेट ताईच्या पलंगाशी गेली. ताई उठायला लागली तर खांद्याला धरून तिला परत निजवलं.

"मले वाटलं तू लय लांब हायेस वं..." एवढंच म्हणाली आणि जी रडली! आमचे वडील, आबा गेले तेव्हाही आईला मी असं रडताना पाहिलं नव्हतं.

ताईनं पदरानं तिचे डोळे पुसले. "आता आली नं तू. जेवली काय?"

ताईच्या जागी मी असतो तर मला हे एवढ्या सहज म्हणता आलं नसतं.