जास्वंदीवरची छत्री

केडगावच्या आमच्या रो-हाऊसच्या सोसायटीत समोर राहणाऱ्या मावशी झाडांशी गोड बोलत नाहीत, त्यांना दमात घेतात. दसऱ्यानंतर ऊन मी म्हणत असतं, तेव्हाच त्यांना रोपांच्या जागा बदलायच्या असतात. रोप नव्या खड्ड्यात लावून त्या पाणी घालतात, वर मोडकी छत्री बांधतात आणि बजावतात, "मरून तर बघ, गाठ माझ्याशी हाय!" रोपाची काय बिशाद!

यंदा सेक्रेटरींनी कुंपणाच्या भिंतीलगतची झाडं काढायला सांगितली. तिथं पार्किंग करायचं होतं. मावशींची जास्वंदही तिथंच होती. संध्याकाळी ती मातीच्या गड्ड्यासकट माझ्या फाटकाशी लावलेली दिसली.

"अहो, मला विचारायचं तरी!"

"इचारलं असतं तर न्हाई म्हनला असता. तुमच्या दारातलं झाड कोन उपटतंय? लोक मानत्यात तुमाला."

मला? मी तर मीटिंगला कायम मागच्या खुर्चीत बसतो.

सकाळी सेक्रेटरी आले. "हे कुणी लावलं?"

मावशी समोरून बघत होत्या.

"मी," म्हणालो. आतून माझी नवी छत्री आणली, जास्वंदीवर बांधली आणि सेक्रेटरींच्या देखत तिला बजावलं, "मरून तर बघ, गाठ माझ्याशी आहे!"