हलक्या ओढीचे सर

आमचे सर कुणालाच ‘चूक’ म्हणत नसत. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात ते फिजिक्स शिकवत. फळ्यावर माझं गणित भलतीकडे गेलं, की मागे उभे राहून म्हणत, “जवळ आली, पोरी. अजून थोडकं इकडं ये.” हे ‘इकडं’ कुठे, ते आपलं आपण शोधायचं. जीव नुसता वैतागून जायचा.

सरांना वेड होतं संगणकात पाऊस पाडण्याचं. नागपूरच्या संगणक केंद्रात ते आपल्या भागाच्या हवामानाचं छोटं मॉडेल चालवत. छापून आलेले लांबलचक कागद त्यांच्या ओसरीवर पसरले, की मला सगळं जंगलच खाली अंथरल्यासारखं वाटे. आकड्यांचे ढग दक्षिणेच्या सिरोंच्याकडून हळूहळू वर सरकत आणि आम्ही दोघं ते बघत राहायचो. मॉडेलचा वारा भरकटू लागला, की प्रत्यक्ष मोजलेल्या वाऱ्याच्या नोंदींकडे त्याला किंचित ओढायचं. किती ओढायचं, तो आकडा जुळवण्याचं काम सरांनी मला दिलं.

मी तो दणकून वाढवला. वारा नोंदींशी तंतोतंत जुळला. खुशीत कागद पुढे केला, तर सरांनी नोंदींचा कागद त्याच्या शेजारी ठेवला.

“आपण मोजलं तेच त्यानं परत सांगतलं. त्याले सोताचं काई बोलूच नाई देल्लं तू.”

त्याच वर्षी संशोधनासाठी पुण्याला माझी निवड झाली आणि बाबांनी नाही म्हटलं. बाबा सरांना फार मानत. सर घरी आले, की “जयभीम, सर” म्हणत लगबगीनं खाट टाकत. सर धानाबद्दल बोलत, मधेच “पोरी तिकडं होस्टेलात राह्यतेत, भाऊ” एवढंच म्हणत आणि चहा पिऊन निघून जात. मी चिडले.

“सर, एकडाव स्पष्ट म्हणा ना. बाबा तुमचं मोडत नाई.”

“म्हणूनच नाई म्हणत. माह्या शब्दाच्या जोरावर हो म्हणतीन, अन् तू पोचाच्या आधी मन फिरन त्यायचं.”

जायची तारीख तोंडावर आली. माझी झोप उडाली. मग एका सकाळी शेतातून येऊन पाय धुता धुता बाबांनी विचारलं, “तुयी गाडी कुठून सुटते वं?”

स्टँडवर सरही आले. मी खिडकीतून विचारलं, “तिकडं गेल्यावर काय करू, सर?”

“अंदाज पुढचा असते, पोरी. पुढच्या नोंदी कोणापाशीच नसतेत. मंग ओढाचं कायच्याकडं?”

एवढं बोलून ते हात मागे बांधून उभे राहिले. मला ते फार कोरडं वाटलं. आजही अंदाजाची गणना सुरू करताना मी ओढीचा आकडा शून्य करते आणि त्यांच्या आठवणीनं गलबलून येतं.

सर वारले तेव्हा बाबांनी सांगितलं, त्या दिवशी बस दिसेनाशी झाली तरी सर बाकावर बसूनच होते. बाबांनी घरी चला म्हटलं, तर म्हणाले, “तुमी व्हा पुढं, भाऊ. मले थोडकं बसू द्या.”